रुखवतातला डबा

आमचे व्याही काशिनाथराव कुणाच्याही घरी गेले की आधी कान देऊन बसत. घरातली माणसं काय बोलतात याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. पंखा कुठे घासतोय, नळ कुठे ठिबकतोय, दाराची बिजागरी कुठल्या सुरात रडतेय, हे ते ऐकत. मग पाण्याचा पेला खाली ठेवून, आजाऱ्याच्या उशाशी बसून विचारावं तशा हळू आवाजात विचारत, "हे कधीपासून करतंय?"

माझ्या वैशालीला बघायला ते मुलाला घेऊन शहापूरला आमच्या घरी आले, तेव्हाही हेच झालं. मी आत मिक्सरवर चटणी फिरवत होते. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली आणि हे गृहस्थ उठून आत आले. भुवयांवर भाताचा कोंडा, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. म्हणाले, "विहीणबाई, बंद करा. बुश गेलाय त्याचा."

लग्न ठरायचं होतं, मुलगी अजून बाहेर नीट खुर्चीवर बसलीही नव्हती, आणि हा माणूस मला विहीणबाई म्हणून मोकळा. मी काही बोलायच्या आत त्यांनी मिक्सर उलटा करून त्याचं पोट उघडलं. बाहेर माझा नवरा आणि त्यांचा दिनेश एकमेकांशी हवापाण्याबद्दल बोलत बसले, आणि आत माझ्या ओट्यावर स्क्रूंची रांग लागली. तो मिक्सर त्या दिवशी गेला तो गेलाच, पुन्हा कधी फिरला नाही. लग्न मात्र जमलं.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण काशिनाथराव म्हणजे हात लावील ते सुरू करणारा जादूगार होता असं कुणाला वाटायला नको. त्यांच्या निम्म्या करामती फसत. गिरणीच्या जुन्या मोटरीला त्यांनी एकदा नारळाची खवणी जोडली होती. पहिल्याच नारळाचं खोबरं भिंतीवर, छतावर आणि देवाच्या तसबिरीवर जाऊन बसलं. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच, की देवाला परस्पर नैवेद्य पोचला.

धसईला त्यांची गिरणी होती. एका बाजूला पीठ दळायचं, दुसऱ्या बाजूला भात सडायचा. तिशीतच भुवया आणि मिशा पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या म्हणे, त्यामुळे खरोखर पांढऱ्या झाल्या तेव्हा गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही. बायको लवकर गेली होती. घरात बाप आणि मुलगा, आणि दारात एक जुनी डिझेल जीप.

आणि इकडे मी. वय पंचेचाळीस, नवरा कचेरीत, राहणं तालुक्याच्या गावात. आपण कुणीतरी आहोत असं वाटायला माणसाला फार काही लागत नाही. मला एक लोखंडी फाटक पुरलं होतं. आमच्या आळीत तेव्हा तसं फाटक फक्त आमच्याकडे होतं. ते उघडताना असं काही करकरायचं, की चार घरांपलीकडे कळावं सुलोचनाबाईंकडे पाहुणे आले. काशिनाथरावांनी पहिल्याच भेटीत जाता जाता विचारलं होतं, "हे कधीपासून करतंय?" मी म्हटलं, "करू दे. कोण आलं ते कळतं." त्यांनी मान हलवली, पण जीपमध्ये बसेपर्यंत वळून वळून त्या बिजागरीकडे बघत होते.

लग्न आमच्या दारी झालं. रुखवत मांडलं होतं ते बघायला अर्धं शहापूर लोटलं, निदान मला तरी तसं वाटलं. लाडवांची उतरंड, साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीची बाहुली, आणि मधोमध मी भांड्यांच्या बाजारातून निवडून आणलेला स्टीलचा डबा. चांगला जाड पत्र्याचा, कडीचा, झाकणाला रबराची रिंग, वरून दाबायची क्लिप. लोणचं वर्षभर जसंच्या तसं राहील असा. त्यावर नाव कोरून घेतलं होतं. वैशालीस सप्रेम भेट हे बारीक अक्षरात, आणि सौ. सुलोचना, शहापूर हे ठसठशीत. दुकानदाराने विचारलं होतं, "ताई, नाव लेकीचं मोठं ना?" मी त्याला म्हटलं, सांगितलंय तसं कोर.

काशिनाथराव त्या रुखवतापुढे खूप वेळ उभे होते. लाडू बघितले नाहीत, बाहुली बघितली नाही. डब्यापुढे उभे राहून त्यांनी त्याला वीत लावून बघितली, झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. क्लिपचा टक्‌ आवाज कान लावून ऐकला. मी शेजारणीला कोपराने ढोसलं. म्हटलं, बघ, खेड्यातला माणूस असला तरी चांगल्या वस्तूची पारख आहे.

पारख होती, ती कसली ते मला दोन महिन्यांनी कळलं.

लेक सासरी कशी राहते ते बघायला मी धसईला गेले. अंगणात जीप उभी, तिचं बॉनेट वर, आणि काशिनाथराव अर्धे आत. माझी चाहूल लागताच बाहेर आले आणि एखाद्याने नवीन पाळणा दाखवावा तशा आनंदाने म्हणाले, "या या, तुमचीच आठवण काढत व्हतो. बघा, कसा बसलाय."

आत, इंजिनाच्या शेजारी, पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेला माझा डबा होता. कुशीत एक भोक पाडून त्यात तिरकी नळी, झाकणाला भोक पाडून त्यात दुसरी नळी, बुडाला पितळी तोटी. आणि या सगळ्याच्या मधे, काळ्या तेलाच्या ओघळाखाली, सौ. सुलोचना, शहापूर.

मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण बरंच बोलले असणार, कारण गिरणीत दळणाला आलेल्या बायका डबे खाली ठेवून कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. लेकीला काय इथे लोणचं खायला मिळत नाही का, इथपासून सुरुवात करून मी शहापूरच्या भांड्यांच्या बाजारापर्यंत पोचले. वैशाली दारात उभी राहून पदराआड हसत होती, तेही मला दिसलं आणि मी आणखी पेटले.

काशिनाथरावांनी मला थांबवलं नाही. माझं संपेपर्यंत ते चिंधीने हात पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "विहीणबाई, फळीवर असता तर दसऱ्याला पुसायला काढला असता. इथं मी रोज बघतोय. तुमचं नाव रोज वाचतोय."

"गाडीच्या आतड्यात माझं नाव," मी म्हटलं.

"आतडं नाय वो. नाक हाय ते."

मग ते मला गिरणीत घेऊन गेले. मी गेले, कारण कुंपणापाशी उभं राहून आणखी शोभा करून घ्यायची नव्हती. भात सडायच्या यंत्रामागे छताला टेकलेलं पत्र्याचं मोठं नरसाळं होतं. त्यांनी यंत्र सुरू केलं. कोंड्याने भरलेली हवा त्या नरसाळ्यात कडेने, तिरकी शिरत होती, आतल्या आत गरगर फिरत होती. कोंडा कडेला आपटत खाली पोत्यात पडत होता आणि वरच्या नळीतून नुसती हवा निघून जात होती.

यंत्राच्या गोंगाटात त्यांनी मला ओरडून सांगितलं ते असं. इंजिन म्हातारं झालं की त्याच्या पोटातून तेलाची वाफ निघते. ती एका नळीने परत त्याच्याच नाकात शिरते. मग ते खोकतं, निळा धूर सोडतं, तेल पितं. वाफेला वाटेत घटकाभर टेकायला एक खोली दिली, तर तेल खाली बसतं आणि उरलेली हवा पुढे जाते. आधी त्यांनी पाण्याची प्लास्टिकची बाटली लावून बघितली, ती गरमीने वितळून बसली. मग काचेची बरणी लावली, ती पहिल्याच खड्ड्यात गेली. मग शहापूरला रुखवतात हा डबा दिसला. आत त्यांनी भांडी घासायची तारेची घासणी कोंबली होती, म्हणजे तेलाचे थेंब तिला धरून राहतील, आणि घासणीचा एखादा तुकडा इंजिनात ओढला जाऊ नये म्हणून वरच्या नळीच्या तोंडाला चहाची गाळणी बसवली होती. घरात चहा त्या दिवसापासून फडक्याने गाळत होते.

"जड ते बसतं, हलकं निघून जातं," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, हे मला नंतर कळलं. गावात दोन भावांचं बांधावरून वाजलं तरी ते हेच म्हणत, पोराला परीक्षेत कमी मार्क पडले तरी हेच. माझ्या रागाचंही त्यांनी तेच केलं होतं. कडेने आत येऊ दिला, फिरू दिला, आणि काय खाली बसतंय याची वाट बघत उभे राहिले.

पण मी हलकी नव्हते. मी त्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, की या गाडीत मी बसणार नाही. कधीच नाही.

आता हसू येतं. एवढ्या मोठ्या आवाजात शपथ घ्यावी अशी ती गाडी तरी होती का? पण शपथ घेतली, आणि माझी शपथ म्हणजे माझं फाटक. लोकांना ऐकू गेली की मला ती मोडता येत नसे. नवऱ्याने मात्र पहिल्याच दिवशी पुढची सीट पटकावली, आणि काशिनाथरावांबरोबर टोकावड्यापर्यंत जाऊन ढाब्यावर भजी खाऊन आला.

त्यानंतर मी धसईला जायची ती एस.टी.ने. मुरबाडला उतरून दुसरी गाडी, मग धसईचा थांबा. काशिनाथराव जीप घेऊन थांब्यावर हजर असायचे. मी उतरले की माझी पिशवी घेऊन पुढच्या सीटवर ठेवायचे, सीटवरची धूळ झटकायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी चालू लागायची. मग ते जीप सुरू करून माझ्या चालीने शेजारून यायचे. एक बाई रस्त्याच्या कडेने तरातरा चाललीय, शेजारी रिकामी जीप बैलगाडीच्या वेगाने, आणि जीपच्या पुढच्या सीटवर ऐटीत बसलेली एक पिशवी. बाजाराच्या दिवशी लोक भाजी सोडून आमच्याकडे बघायचे. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलंच, "काय रे काशिनाथ, विहीण आणलीस का तिची पिशवी?" ते म्हणाले, "पिशवी बसली. विहीण बी बसंल."

असं ते दरवेळी म्हणत. हसत म्हणत, पण त्यांना ते खरंच हवं होतं. वैशाली सांगायची, मी येणार असले की आदल्या दिवशी ते जीप धुवायचे, सीटचं फाटलेलं रेक्झिन दाभणाने शिवायचे, डब्यातलं तेल काढायचे. तोटीखाली वाटी धरली की काळं तेल निघायचं. पावसाळ्यात त्यात पाणी मिसळून पांढरट काहीतरी यायचं, त्याला ते ताक म्हणत. "आज बरंच ताक निघालं" असं सांगत घरात येत. ते तेल फेकायचं नाही. बैलगाडीच्या आसाला, रहाटाला, गावातल्या कुठल्या दाराच्या बिजागरीला, कुठेतरी ते लागायचंच.

एकदा वैशालीनेच घोळ केला. आई येणार, पुन्हा डबा बघून भडकणार, म्हणून पोरीने सासऱ्यांना न विचारता डबा काढला, चिंच आणि राखेने घासून लख्ख केला आणि फळीवर दर्शनी मांडला. मी गेले तर माझं नाव चकाकतंय. मला असा आनंद झाला की विचारू नका. आत काय भरलंय ते बघावं म्हणून झाकण काढलं, तर झाकणाला चहाची गाळणी चिकटलेली. डबा उजेडाला धरला, कुशीतल्या भोकाला डोळा लावला, तर पलीकडून वैशालीचा घाबरलेला डोळा.

अंगणात जीपची नळी नुसतीच लोंबत होती आणि तिच्यातून तेल ठिबकून सकाळी काढलेल्या रांगोळीवर मोठा काळा डाग पडला होता. काशिनाथराव सुनेला एका शब्दाने बोलले नाहीत. पायाने त्या डागावर माती ओढत होते. मीच डबा उचलून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "लावा परत. अंगण तरी स्वच्छ राहील."

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. "मग आता बसणार?" त्यांनी विचारलं.

"डबा दिला म्हणजे शब्द दिला असं नाही," मी म्हटलं, आणि घरातले सगळे हसले. मलाही आपण मोठं काही बोलून गेलो असं वाटलं. तेव्हा मला माझी वाक्यं फार आवडत.

पुढच्या वर्षी वैशालीला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी. तिला शहापूरला कशी आणायची, यावर काशिनाथरावांचा निरोप आला की मी स्वतः जीपने आणून पोचवतो, रस्ता मला खड्ड्याखड्ड्याने माहीत आहे. मी उलट निरोप पाठवला की माझी लेक त्या तेलाच्या गाडीतून येणार नाही, मी इथून भाड्याची गाडी पाठवते. पाठवलीही. पांढरी, काचा वर केलेली, आत वासाची बाटली लटकवलेली.

ती गाडी दारात आली, फाटक करकरलं, मी ओवाळायला ताट घेऊन बाहेर आले, आणि बघते तर पांढऱ्या गाडीमागे जीप. सरळगाव, किन्हवली असा सगळा रस्ता त्यांनी भाड्याच्या गाडीमागून रिकामी जीप आणली होती. मागे फक्त तांदळाचं एक पोतं.

मी विचारलं, हे कशाला? पोतं गाडीतच टाकायचं ना.

ते जीपच्या चाकाकडे बघत म्हणाले, "दिनेशच्या आईला मुरबाडला न्यायचं व्हतं. गाडी मिळाली, पर वाटेत बंद पडली. दुसरी येईपर्यंत..." आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, "तवापासनं बाईमाणूस गाडीत बसून एकलं निघालं की मला घरात बसवत नाय. मागनं एक गाडी पाहिजे."

म्हणून जीप घेतली होती. म्हणून ते तिचं नाक, घसा, पोट एवढं जपत होते. गावातल्या किती बाळंतिणी, किती ताप चढलेली पोरं त्या जीपने मुरबाडला पोचली, ते मला नंतर वैशालीने सांगितलं. त्या दिवशी मी वैशालीला ओवाळून आत घेतलं आणि चहा टाकला.

चहा झाल्यावर त्यांनी जीपमधून एक वाटी काढली, डब्याची तोटी सोडून तेल घेतलं, आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या फाटकाच्या दोन्ही बिजागऱ्यांत ते कापसाने सोडलं. फाटक चारपाच वेळा उघडलं, मिटलं. आवाज गेला.

"आता कोण आलं ते कसं कळायचं?" मी विचारलं.

ते म्हणाले, "आलेला माणूस हाक मारील की."

मुलगा झाला. बारशाला ते आले, परत निघाले, आणि जीपचं दार उघडून माझ्याकडे बघितलं. मी बसायला हवं होतं. किन्हवलीपर्यंत जाऊन एस.टी.ने परत आले असते तरी चाललं असतं. पण पाहुण्यांनी घर भरलं होतं, सगळ्यांना माझी शपथ ठाऊक होती, आणि मी दारातून नुसता हात हलवला. मग ते एक वळणच पडून गेलं. राग केव्हाच गेला होता, डब्याचा तर आम्ही विनोद करत होतो, पण मी चालायचं आणि पिशवीने बसायचं हे दोन्ही घरांतलं एक ठरलेलं नाटक झालं. नातू मोठा झाला तसा तो जीपमधून ओरडायचा, "आजी, पिशवीला कंटाळा आलाय, तू ये." मी म्हणायची, पुढच्या वेळी. पुढची वेळ ही माझ्याकडे भरपूर साठवून ठेवलेली वस्तू आहे, अशी माझी समजूत होती.

मधल्या काळात माझे यजमान गेले. काशिनाथराव थकले. गिरणी दिनेशने विजेच्या नव्या यंत्रावर घातली, स्वतःला नवी गाडी घेतली. आणि गेल्या वर्षी उन्हाळ्यात जीपचं पासिंग संपत आलं. आता पुन्हा होणार नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. कल्याणकडच्या एका भंगारवाल्याशी बोलणं झालं. गाडी कुणी ओढून न्यायची नाही, ती मी चालवत नेणार, हा त्यांचा हट्ट.

आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. धसईहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण हा सरळ रस्ता. शहापूर वाटेत लागत नाही. ते म्हणाले, "विहीणबाई, उद्या सकाळी येतो. किन्हवलीपर्यंत चक्कर मारू, चहा घेऊ, तुमाला दारात सोडतो. मग गाडी घेऊन जातो. आता पुढची वेळ नाय."

मी म्हटलं, "येते."

ते म्हणाले, "तुमचा डबा बी परत आणतो. भंगारात नको जायला."

आणि इथे माझी जीभ. ती कधी गप्प बसली आहे? मी म्हटलं, "भोकं पाडलेला डबा घेऊन मी काय करू? चाळण म्हणून वापरू?" ते खूप हसले. मीही हसले. त्या हसण्यात फोन ठेवला.

सकाळी मी लवकर आवरलं. जांभळी साडी नेसले. सत्तरीच्या बाईने जीपमधून किन्हवलीला चहा प्यायला जायचं म्हणून जांभळी साडी, हे मंदाताईंना, म्हणजे शेजारणीला, बघवेना. "सुलोचनाबाई, वरात आहे का?" असं त्यांनी गच्चीवरून विचारलं. मी पिशवी भरली. पिशवीत नेण्यासारखं काही नव्हतं, पण पिशवीशिवाय कसं चालेल, इतकी वर्षं तिने जागा धरून ठेवली होती. दार उघडं टाकून ओसरीतल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

नऊ वाजून गेले, दहा गेले. फोन केला तर लागेना. मी खुर्चीतच बसून राहिले. ऊन चढलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, किन्हवलीला खायचं म्हणून. केव्हा डोळा लागला कळलं नाही.

उशीर का झाला ते वैशालीने मागाहून सांगितलं. ते मुरबाडला थांबले होते. डबा जीपमधून काढून त्यांनी तिथल्या ओळखीच्या वेल्डरपुढे ठेवला आणि तिन्ही भोकं पितळ ओतून बुजवून द्यायला सांगितलं. वेल्डर जेवायला गेला होता. हे त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. मग स्वतः कानस घेऊन डाग घासत बसले. विहीणबाईला चाळण नको होती.

आणि ते आले तेव्हाचं मंदाताईंनी सांगितलं. जीप त्यांनी आळीच्या तोंडाशी उभी केली, कारण डब्याशिवाय ती फार धूर सोडत होती. फाटक उघडून आत आले. फाटक वाजलं नाही. चपला हातात घेऊन ओसरीच्या पायरीशी उभे राहिले. व्याह्याने झोपलेल्या विहिणीला हाक कशी मारायची? त्यांच्या पिढीला ते जमणारं नव्हतं. मंदाताईंनी वरून विचारलं, उठवू का? त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. म्हणाले, "नको. गाढ लागलीय. निजू दे."

बराच वेळ उभे होते, असं मंदाताई सांगतात. पंख्याकडे बघत होते. माझा पंखा हल्ली घासतो.

त्यानंतर आमचं फोनवर बोलणं झालं. मी रागावले, ते हसले, म्हणाले, दिनेशच्या गाडीतून येतो की पुढच्या वेळी. ती वेळ आली नाही. पाऊस सरायच्या आत, गिरणीच्या ओट्यावर बसल्या बसल्या ते गेले. मी धसईला गेले ती दिनेशच्या गाडीतून, काचा वर, आणि थांब्यावर कुणी उभं नव्हतं. गाडी थांब्यावरून सरळ पुढे निघून गेली तेव्हा मी पिशवी घट्ट धरली.

पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे, आणि तेही अर्धेच.

मंदाताईंना शेवटी राहवलं नाही. त्यांनी वरून हाक मारली, "सुलोचनाबाई, अहो, आले होते ते." मी दचकून उठले, मांडीवरची पिशवी खाली पडली. पायरीवर डबा होता. अनवाणीच फाटकापर्यंत धावले. आळीच्या तोंडाशी जीप वळत होती. मला मागचा भाग दिसला, शिवलेलं रेक्झिन दिसलं, आणि स्टिअरिंगवरचा एक हात. मी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती गेली नसणार. ते वळण घेऊन दिसेनासे झाले.

मागे येऊन मी पायरीवरचा डबा उचलला. झाकणावर, कुशीत आणि बुडाशी पितळेचे तीन पिवळे ठिपके, आणि मधे माझं नाव, घासून घासून पुसट झालेलं. क्लिप दाबली, टक्‌ वाजली. झाकण काढून नाक आत घातलं. तेलाचा वास नव्हता. इतकी वर्षं तेल प्यालेला डबा, कशाकशाने धुतला होता कोण जाणे, कसलाच वास नव्हता.

वास बाहेर होता. जीपचा निळा धूर आळीत भरून राहिला होता, फाटकापर्यंत येत होता. धसईच्या थांब्यावर मी ज्याच्यामुळे नाकाला पदर लावून चालायची, तोच. मी डबा छातीशी धरून फाटकाबाहेर त्या धुरात उभी राहिले. पदर हातात होता, तो नाकाला लावला नाही. धूर हळूहळू विरला. माझ्यामागे फाटक आपणहून मिटलं, आणि त्याचा काही आवाज झाला नाही.